हॅलो, कुरडया का?

घरगुती उद्योग सुरू करायला थोडं भांडवल, थोडी जागा, चार चलाख हात आणि एक उन्हाची गच्ची लागते, असं प्रशिक्षण वर्गात सांगतात. फोन उचलायला घरात एक निवृत्त पुरुष लागतो, हे मात्र कुठल्याच पुस्तिकेत छापलेलं नसतं. आमच्या घरी ते पद मी भूषवतो. पगार नाही. पण गच्चीवर कावळे हाकलायच्या कामावरून बढती मिळून इथवर आलोय, त्यामुळे तक्रारीला जागाही नाही.

उद्योग बायकोचा. उडदाचे आणि नागलीचे पापड, ज्वारीचे बिबडे, गव्हाच्या कुरडया, शिवाय शेवभाजीला लागतो तो काळा मसाला. उद्योगाचं नाव इथे देत नाही. फुकटची जाहिरात नको हे खरं कारण नव्हे. दोन्ही घरांची कुलदैवतं, माझी आई आणि त्याच वर्षी जन्मलेली नात, असं सगळ्यांना खूश करत ते नाव ठेवलं गेलं आणि आता ते एका दमात उच्चारता येत नाही. फोनवर पूर्ण नाव सांगून होईतो पलीकडच्या माणसाला आपण फोन कशासाठी केला होता याचा विसर पडतो. गिऱ्हाइकांनी तो प्रश्न आपल्यापुरता सोडवलाय. त्यांच्या मोबाइलमध्ये आमचा नंबर 'पापड जळगाव' किंवा 'कुरडईवाले काका' असा साठवलेला असतो. त्यामुळे फोन उचलला की पहिला प्रश्न येतो, "हॅलो, कुरडया का?" आणि मी, बत्तीस वर्षं सरकारी टेबलावर लोकांना उद्या या म्हणून सांगितलेला माणूस, नम्रपणे उत्तर देतो, "हो, कुरडयाच बोलतोय."

गाडं असं बरं चाललं होतं. मग सुट्टीला भाचा आला. तो पुण्यात एका कंपनीत गिऱ्हाइकांना फोनवर कसं वाटलं पाहिजे, एवढंच ठरवणाऱ्या खात्यात आहे. त्याने मला एक फोन घेताना ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"मामा, हे काय होतं?"

"ऑर्डर होती. दोन किलो बिबडे."

"ते नाही. फोन उचलल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"हां, बोला."

"बघा! 'हां, बोला' हे काय स्वागत झालं?"

मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की खानदेशात 'हां, बोला' ही मोठ्या माणसांसाठीची सभ्य आवृत्ती आहे, ओळखीच्याला आम्ही 'बोल भो' म्हणतो आणि याहून जास्त स्वागत हवं असेल तर माणसाने घरी यावं, चहा मिळेल. शिवाय फोन उचलल्यावर काय म्हणावं याचा निकाल जगातही कुठे लागलाय? ज्या ग्रॅहॅम बेलने 1876 साली फोनचं पेटंट घेतलं, त्याचा आग्रह 'अहॉय' म्हणण्याचा होता. बोटीवरच्या खलाशांची हाक ती. एडिसनने 'हॅलो' पुढे रेटलं आणि फोन ज्याचा त्याचंच कुणी ऐकलं नाही. आपल्याकडे 2022च्या गांधी जयंतीपासून राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणायला सांगितलं. मी त्याआधीच निवृत्त झालो होतो, म्हणून माझं 'हां, बोला' अबाधित राहिलं. पण भाच्यापुढे इतिहास चालला नाही. त्याने नियमांचा एक कागद छापून फ्रिजवर चिकटवला आणि पुण्याला निघून गेला. नियम करणारी माणसं नेहमी निघूनच जातात.

कागदावरचा पहिला नियम असा, की तिसरी घंटा वाजायच्या आत फोन उचला.

आता कुरडई कशी होते ते ज्याने पाहिलंय, तो हा नियम लिहायला धजणार नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर ठेवला की सकाळी वर पाणी निवळतं. ते ओतून द्यायचं आणि ऊन चढायच्या आत चीक शिजवायला घ्यायचा. उकळत्या पाण्यात एकाने चीक ओतायचा आणि दुसऱ्याने हाटत राहायचं. थांबायचं नाही. शेजारी आग लागली तरी नाही. हात थांबला की गाठी झाल्या आणि गाठी झाल्या की सोऱ्यातून कुरडई उतरत नाही, बायकोच्या तोंडातून मात्र बरंच काही उतरतं. आमच्याकडे ओतायची ती आणि हाटायचा मी. आणि आमच्या समस्त गिऱ्हाइकांना फोन करायची वेळ सापडते ती नेमकी हीच. पहाटे सहाला घंटा वाजते आणि पलीकडून समाधानाने सांगतात, "म्हटलं लवकरच करावा, नंतर तुम्ही कामात असाल."

दोन्ही हात चाटूवर, कोपरापर्यंत चीक, फोन खिडकीत. दुसरी घंटा झाली. फ्रिजवरचा कागद माझ्याकडे बघत होता. मी मान लांब करून नाकाने फोन उचलला. आता नाक हा काही बोटाइतका नेमका अवयव नाही. पलीकडून एका बाईंची किंकाळी ऐकू आली, मग मुलांचं हसणं. नाकाचा ठोसा कुठे बसला कोण जाणे, पण व्हिडिओ सुरू झाला होता आणि एरंडोलच्या एका सुखी कुटुंबाला न्याहारीच्या वेळी माझी डावी नाकपुडी मोबाइलभर दिसत होती. मी तशाच अवस्थेत भाच्याने लिहून दिलेलं वाक्य म्हटलं, "नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकतो?"

"आधी जरा मागे सरका," बाई म्हणाल्या.

ऑर्डर त्यांनी दिली, हे सांगितलं पाहिजे. पण कुरडया हाताने केलेल्या असतात ना, असं दोनदा विचारून घेतलं.

दुसरा नियम म्हणे हसून बोलण्याचा. चेहरा हसरा असला की हसू आवाजात उतरतं. असेल. मी फोन कानाला लावून गालफडं ताणून हसत बसलेला असताना आई देवघरातून बाहेर आली. माझी आई धुळे तालुक्यातली. अहिराणी बोलते आणि खरं बोलते. या दोन्ही गोष्टींचा आमच्या धंद्यावर काय परिणाम होतो ते पुढे येईलच. तिने माझ्याकडे पाहिलं, स्वयंपाकघराकडे वळली आणि सुनेला विचारलं, "याले काय व्हयनं व?"

खरी पंचाईत हसण्याची नव्हती. गोड बोलण्याची होती. आजकाल फोनवर गोड कोण बोलतं? कर्ज देणारे, लॉटरी लागल्याचं सांगणारे आणि तुमचं खातं बंद पडतंय म्हणून कळकळीने कळवणारे. मध्यंतरी तर कुणालाही फोन लावला की घंटा वाजायच्या आधी सायबर फसवणुकीपासून सावध राहा, असा सरकारी इशारा ऐकू यायचा. तो संपतो न संपतो तोच आमच्या गिऱ्हाइकाच्या कानात माझा साखरेत घोळलेला आवाज पडायचा, "नमस्कार सर, आपली ऑर्डर तयार झाली आहे. आपल्या सोयीनुसार पत्ता कळवाल का?" माणूस पत्ता कशाला कळवतोय! एकाने सरळ सांगितलं, "मला ओटीपी आलेला नाही आणि आला तरी देणार नाही." दुसऱ्याने माझी कीव केली. म्हणाला, "काका, आवाजावरून चांगल्या घरचे वाटता. कशाला या भानगडीत पडलात?"

बायकोने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याच नंबरला परत लावला. "काय हो भाऊ, पापड झाले ना तुमचे! संध्याकाळी पिशवी घेऊन या, आणि मागचा डबाही आणा आमचा, महिना झाला." भाऊ संध्याकाळी आले. डबाही आला. डब्यात चार लिंबं होती.

गंमत म्हणजे नम्र फोनची ही परंपरा आमच्या जिल्ह्याला अगदीच परकी नाही. जी विप्रो पुढे कॉल सेंटरच्या धंद्यात उतरली आणि जिथली पोरं रात्र रात्र जागून सातासमुद्रापलीकडच्या लोकांशी गोड बोलली, ती कंपनी 1945 साली निघाली आमच्या अमळनेरला. तेव्हा ती वनस्पती तूप विकायची. त्या काळी तुपाच्या डब्यासाठी कुणी अमळनेरला ट्रंक कॉल लावला असेल तर पलीकडून काय ऐकू येत असेल, याची मला फार उत्सुकता आहे. माझी पैज 'हां, बोला'वर आहे. आणि लिज्जत पापडाचं घ्या. 1959 साली गिरगावातल्या एका गच्चीवर सात बायका 80 रुपये उसने घेऊन बसल्या आणि पापडाचं साम्राज्य उभं राहिलं. त्या सगळ्या गोष्टीत लाटणं येतं, पीठ येतं, ऊन येतं. तिसऱ्या घंटेच्या आत फोन कोण उचलायचं, हे कुठेच येत नाही.

भाच्याच्या कागदावर 'शांत जागी बसून, हलक्या आवाजात बोला' असंही होतं. हा नियम डिसेंबरात पाळता येईल. पण वाळवणाचा हंगाम पडतो मार्च ते मे. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही नसतं. माणसं दारं-खिडक्या लावून, कूलरपुढे आडवी होऊन करायला काही नाही म्हणून फोन करतात. म्हणजे त्यांच्याकडे कूलर, आमच्याकडे कूलर. आमचा लोखंडी कूलर सुरू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतं. अशा वेळी दोन माणसं बोलत नसतात, दोन कूलर बोलत असतात.

"बिबे आहेत का?" पलीकडून एकदा कुणीतरी ओरडलं.

"आहेत ना!" मी ओरडलो. "परवाच वाळलेत. किती पाठवू?"

"दोन पुरेत."

"दोन किलो?"

"किलो? टाचेच्या भेगेला लावायचेत हो! किलो काय करू?"

त्यांना बिबे हवे होते आणि मी बिबडे विकत होतो. दोघेही वरच्या पट्टीत होतो, त्यामुळे हा संवाद शेजारच्या तिन्ही घरांत ऐकू गेला आणि संध्याकाळी तिन्ही घरांतून टाचेवरचे उपाय आले.

कूलर बंद केला तर कुकर असतो. कुकर उतरवला तर मिक्सर असतो. सगळं बंद करून, आईला हातानेच गप्प राहायची खूण करून, मी एका मोठ्या ऑर्डरचा फोन अगदी कंपनीसारखा घेत होतो. मुंबईच्या बाई होत्या. त्यांच्या 'प्रॉडक्शन युनिट'च्या चौकशीला मी खालच्या आवाजात, मोजून मापून उत्तरं देत होतो. तेवढ्यात कचऱ्याची घंटागाडी आपलं गाणं लावून गल्लीत शिरली आणि बायको गच्चीवरून ओरडली, "अहो, कोरडा कचरा खाली द्या, आणि येताना धोतर घेऊन या वर!"

बाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "धोतर?"

बिबड्यांना धोतर लागतं हो. ज्वारीच्या कण्या शिजवून, त्यात तीळ, लसूण, मिरची घालून ओल्या सुती कापडावर थापायचे, वाळले की कापड उलटं करून मागून पाण्याचा हात फिरवायचा, म्हणजे बिबडा अलगद सुटून येतो. धोतराइतकं चांगलं कापड दुसरं नाही. कोरं, फक्त याच कामाला ठेवलेलं. हे सगळं मी मुंबईला समजावून सांगितलं, पण काही खुलासे जितके खरे असतात तितके वाईट ऐकू येतात.

आता आईचा विषय. कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, की धंद्याचा फोन घरातल्या इतरांनी उचलू नये. पण पूर्वी ज्या घरात फोन होता, तिथे गल्लीतल्या दहा घरांचे फोन यायचे. 'पी.पी.' नंबर म्हणून लग्नपत्रिकेवर छापले जायचे. फोन वाजला की उचलायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मारायची, हा संस्कार आईच्या हाडात आहे. ती उचलते.

"कोन बोली ऱ्हायनं?"

इथून पुढे गिऱ्हाइकाच्या हाती काही उरत नाही. गाव कोणतं, आडनाव काय, मामाचं कूळ कोणतं, पावसाचं काय म्हणणं, कापसाला भाव मिळाला का, जेवण झालं का, हे सगळं झाल्यावर पापडाचा विषय निघतो. आणि मग आईचं सत्य. "पापड ना? शेतस. पन मांगला सालना शेतस, बरं का! नवा आखाजीले करसूत." म्हणजे डब्यात उरलेले आठ किलो गेल्या हंगामातले पापड, ज्यांच्याविषयी आम्ही नवरा-बायको गेले कित्येक दिवस अत्यंत संयमाने बोलत होतो, ते एका वाक्यात उघडे पडतात. वर ती विचारते, "तुमी घरीच का नही करतस? सोपं ऱ्हास!" आणि कृती सांगते. पापडखाराच्या मापासकट.

मी चिडलो. बायको म्हणाली, "थांबा." आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात त्या सगळ्यांचे फोन आले. कृती लिहून घेतली होती, करायला वेळ झाला नव्हता, म्हाताऱ्या आजी खोटं बोलत नाहीत, तेव्हा नवे पापड द्या. नाही म्हणायला एकीने खरोखरच घरी केले आणि सोडा जास्त झाला म्हणून जाब विचारायला आम्हाला फोन केला.

मधल्या काळात भाच्याने पुण्याहून आमच्या व्हॉट्सॲपला आपोआप उत्तर द्यायची सोय करून दिली. ती कुणी गिऱ्हाईक आणि कुणी नातलग हे ओळखत नाही, हे तो सांगायचा राहिला. चोपड्याहून निरोप आला, 'नाना गेले. अंत्यविधी सायंकाळी 5 वाजता.' आमच्याकडून तत्काळ उत्तर गेलं, 'धन्यवाद! आपली ऑर्डर मिळाली. कृपया किती किलो ते कळवावे.' मी गंधमुक्तीला तोंड लपवत गेलो. नानांच्या थोरल्या मुलाने मला बाजूला घेतलं. मी माफीची वाक्यं जुळवत होतो. तो हळूच म्हणाला, "काका, ते वर्षश्राद्धाला लागतील. तेव्हा कळवतो किलो."

गिऱ्हाईक आणि नातलग यांच्यातली ही रेघ मलाही अजून नीट सापडलेली नाही. भाव विचारताना समोरचा माणूस हमखास नातलग असतो. "आपल्या माणसाला काय लावाल?" असं म्हणतो. तक्रार करताना तोच ग्राहक होतो, पावती मागतो. पैसे द्यायची वेळ आली की परत नातलग. आम्हीही काही कमी नाही. माल खपवताना आम्ही वहिनी, भाऊ, मावशी करत सुटतो आणि उधारी मागताना भाच्याची मराठी वापरतो, 'आपल्याकडील येणे रक्कम'.

धुळ्याचं काम माझी मेहुणी बघते. ती देवपूरला राहते, म्हणून आमच्या पाकिटावर 'शाखा: धुळे' असं छापलंय. धुळ्याचं एक सुख आहे. जुन्या शहरात गल्ल्यांना नंबर आहेत. पत्ता विचारला की 'गल्ली नंबर चार' म्हणतात आणि विषय संपतो. जळगावात पत्ता म्हणजे कादंबरी असते. 'पिंप्राळ्याला आलात की फोन करा' इथे तिचं पहिलं प्रकरण सुरू होतं. पण धुळ्याला माल पोहोचवायचा म्हणजे नव्वदेक किलोमीटर, एरंडोल, पारोळा करत. पार्सल निघालं की गिऱ्हाईक अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारतं, "कुठवर आलं?" मी दर वेळी "पारोळा" म्हणतो. पारोळा साधारण मधोमध आहे, त्यामुळे ते फार खोटंही ठरत नाही आणि फार खरंही नसतं. एकाने मात्र मला पकडलं. "काका, मीच पारोळ्याहून बोलतोय."

मेहुणीला फोनचा एकही नियम ठाऊक नाही. ती फोन उचलते तेव्हा तोंडात काहीतरी असतं. गेल्या उन्हाळ्यात साक्री रोडवरच्या एका बाईंनी पाच किलो कुरडयांसाठी फोन केला. बोलता बोलता कुरडया कशासाठी, तर मुलगा बंगलोरहून येतोय म्हणून. मुलगा काय करतो, पत्रिका बघता का, उंची किती. कुरडया बाजूला राहिल्या आणि पंधरा दिवसांत आमच्या चुलतभावाच्या मुलीचं तिथे जमलं. जगातल्या कुठल्याही कंपनीच्या फोनवरून एवढा माल हलला नसेल.

लग्न झालं धुळ्याला. पापड, कुरडया, काळा मसाला सगळं अर्थातच आमच्याकडून. बायकोने महिनाभर कंबर धरून काम केलं, बिल केलं आणि माझ्याकडे दिलं. मी ते मुलाच्या वडिलांना व्हॉट्सॲप केलं. दहा मिनिटांत फोन वाजला. तिसरी घंटा व्हायच्या आत मी उचलला.

"काय व्याहीबुवा," पलीकडून मोठं हसू, "आता आपण घरचे झालो आणि बिल कसलं पाठवता?"

भाच्याच्या कागदावर सगळ्यात शेवटी एक वाक्य होतं. आजवर ते वापरायची संधी आली नव्हती. मी ते शुद्ध, हसऱ्या आवाजात म्हटलं, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा." आणि फोन आईच्या हातात दिला.

"कोन बोली ऱ्हायनं?" आईने सुरुवात केली.

व्याह्यांचं गाव झालं, मामाचं कूळ झालं. कापूस झाला, केळी झाली, व्याह्यांच्या आजोबांच्या वेळचा दुष्काळही झाला. कूलरची टाकी रिकामी झाली, मी उठून भरली. मध्ये दोनदा पलीकडून "बरं, ठेवू का?" असं ऐकू आलं. आईला ते ऐकू आलं नाही, कूलर चालू होता. तासाभराने तिने फोन कानापासून दूर धरला आणि मला विचारलं, "त्या इचारी ऱ्हायनात, पैसा कोनता नंबरवर टाकाना शेतस?"